माझा स्वभाव हळवा आहे म्हणून साहेब माझ्यावरच ओरडतात का?

तुम्ही लिहिलंय की साहेब चारचौघांत तुमचा पाणउतारा करतात, तुम्हाला लगेच रडू येतं, आणि घरचे म्हणतात, 'तू फार मनाला लावून घेतेस, जरा निगरगट्ट हो.' म्हणून तुम्ही विचारताय की दोष तुमच्या स्वभावाचा आहे का. नाही. एवढं आधी सांगते.

मी कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या शाखेत ११ वर्षं होते, त्यातली चार वर्षं अशाच एका मॅनेजरच्या हाताखाली. दर सोमवारी सकाळी रिव्ह्यू असायचा. एकदा माझ्याकडून व्हाउचरवर खाते क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट झाले. चूक त्याच दिवशी सापडली, दुरुस्त झाली, एक पैसाही बुडाला नाही. तरी पुढची दोन वर्षं ते व्हाउचर दर महिन्याला सगळ्यांसमोर निघायचं. मी तुमच्यासारखीच, समोरच्याचा आवाज चढला की डोळ्यांत पाणी. शेजारी बसणारा सहकारी मात्र तोंडावर उत्तर द्यायचा. त्याच्या रजा अडकायला लागल्या आणि मॅनेजर त्याच्याशी आठवडा आठवडा बोलेनासे झाले. तिसऱ्या एक ताई होत्या, सगळं हसण्यावारी नेणाऱ्या. त्यांची टिंगल व्हायची. तिघांचे स्वभाव तीन तऱ्हेचे, आणि त्रास तिघांनाही.

एका सोमवारी ते माझ्यावर खेकसत असताना झोनल ऑफिसचा फोन आला. क्षणात आवाज मऊ. 'हो सर, झालंच समजा सर.' फोन ठेवला, आणि जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच पुन्हा सुरू झाले. तोवर मला वाटायचं, बिचाऱ्यांना राग आवरत नाही. त्यांना तो उत्तम आवरत होता. माणूस बघून ते तो मोकळा सोडत होते.

पुढे मी या विषयावर वाचायला लागले. बेनेट टेपर या अमेरिकी संशोधकाने २००० साली अशा वागणुकीची व्याख्या केली: हाताखालच्या माणसाला जाणवणारं, सतत चालणारं शत्रुत्वाचं वागणं, शब्दांतून किंवा शब्दांवाचून, अंगाला हात न लावता. त्याच्या प्रश्नावलीत १५ वाक्यं आहेत. जुन्या चुका पुन्हापुन्हा उगाळणं त्यात आहे, अबोला धरणं आहे, टिंगल करणंही आहे. आम्ही तिघं त्या एका यादीत सापडलो. ते वाचताना मी खूप रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

स्वभावाचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. टेपर आणि सहकाऱ्यांचा २००१ चा अभ्यास नेमका यावर आहे. साहेब छळतो तेव्हा काटेकोर, जबाबदारीने काम करणारी माणसं बोलून, खुलासा मागून मार्ग काढू बघतात. ज्यांच्यात तो काटेकोरपणाही कमी आणि जुळवून घेण्याची वृत्तीही कमी, ती मुद्दाम काम टाळण्याकडे जास्त झुकतात. म्हणजे आपण छळाला तोंड कसं देतो, ते स्वभावावर ठरतं. हळव्या, काळजी करणाऱ्या माणसांनी असा त्रास जास्त नोंदवल्याचं वाचलंत, तर एक लक्षात घ्या: ही माहिती बहुतेक वेळा एकदाच भरून घेतलेली असते. माणूस आधीच घाबरट होता की चार वर्षांच्या सोमवारांनी झाला, ते त्यावरून कळत नाही. मी त्या शाखेत गेले तेव्हा घाबरट नव्हते.

आणि हे घरी पोचतं. हूब्लर आणि ब्रास या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की साहेबाकडून छळ सोसणाऱ्यांच्या घरच्यांनाही त्यांच्याकडून जास्त त्रास होतो. मला ते वाचायची गरज नव्हती. मी सोमवारी रात्री मुलावर ओरडायचे.

आता करायचं काय? एक साधी वही करा, घरी ठेवायची. तारीख, वेळ, नेमके शब्द, समोर कोण होतं. तोंडी हुकूम मिळाला की 'आपण सांगितल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून ईमेल टाका. रडू आलं तर 'मला पाच मिनिटं द्या' म्हणून उठा. रडणं हा गुन्हा नाही. एचआरकडे जाताना भावना कमी आणि तारखा जास्त न्या. कायद्याचा आधार तोकडा आहे: २०१३ चा कायदा लैंगिक छळापुरता आहे, नुसत्या अशा छळासाठी देशात वेगळा कायदा नाही. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीच्या असाल आणि जातीवरून अपमान झाला, तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. झोप उडाली असेल तर १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीत बोलता येतं. दुसरी नोकरी शोधायला आजच लागा, पण ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

तुम्ही शेवटी लिहिलंय की हल्ली डबा एकटीच खाता. मीही खायचे. एक दिवस त्या हसणाऱ्या ताई माझ्या टेबलाशी डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, 'रविवारी रात्री मलाही झोप लागत नाही गं.' चार वर्षांत पहिल्यांदाच कळलं. उद्या डबा घेऊन कोणाशेजारी तरी जाऊन बसा.