पाळीबद्दलच्या संकोचाचा मुलींवर होणारा परिणाम मुंबईत कसा अभ्यासावा?

प्रबंधासाठी विचारताय म्हणून आधीच सांगते, 'पाळीची लाज वाटते का?' असं थेट विचारू नका. सगळ्या 'नाही' म्हणतील. त्याऐवजी 'त्या चार दिवसांत काय काय टाळतेस?' असं विचारा. चेंबूरच्या एका वस्तीत मी हेच केलं. पी.टी.चा तास आणि पांढरी सलवार ही उत्तरं अपेक्षितच होती. पण एकजण म्हणाली, "मी शाळेत पाणीच पीत नाही." शौचालयात पॅड टाकायला डबा नाही, म्हणून!

दहा बाय बाराच्या खोलीत बाजूला बसायला जागा कुठली? मग 'कावळा शिवला' की देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतात, एवढंच. अशा बारीक गोष्टी टिपून ठेवा.

२०१८ साली पॅडवरचा जीएसटी गेला, तरी मेडिकलवाला अजून ते कागदात गुंडाळूनच देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या मुली काय वापरतात याचे आकडे मिळतील. मात्र संकोच त्यातून कळत नाही, त्यासाठी मुलाखतीच हव्यात. अठराच्या आतल्या मुलींसाठी पालकांची लेखी संमती लागेल, आणि मुलीचा स्वतःचा होकारही. मुलाखतीला आई शेजारी नसलेली बरी.