वाद्यविषयक प्रश्नोत्तरे : लोगो बघू नका, कव्हर उघडा

प्रश्न : एका दुकानात गिब्सन कंपनीची लेस पॉल ही इलेक्ट्रिक गिटार ४५ हजारांना मिळतेय. दुकानदार म्हणतो, ‘बाहेरून आलेला पीस आहे, बिल मिळणार नाही.’ सिरियल नंबर इंटरनेटवर टाकून पाहिला, तर बरोबर निघाला. घ्यावी का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नंबर बरोबर निघाला याला काहीच अर्थ नाही. नकली बनवणारे खऱ्या गिटारीचा नंबर उचलून शेकडो गिटारींवर छापतात. नंबर तपासणारी वेबसाइट फक्त अंकांची रचना बघते, गिटार बघत नाही. १९७७ पासून गिब्सनच्या नेहमीच्या नंबरात पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष होतं आणि दुसरा, तिसरा, चौथा मिळून वर्षातला कितवा दिवस ते कळतं (२०१४ पासून काही वर्षं पद्धत वेगळी होती). ही रचना नकली कारखान्यांनाही पाठ आहे. नंबर लाकडात दाबून उठवलेला आहे की वरून छापलाय, हे मात्र बोट फिरवून जरूर बघा.

खरी तपासणी स्क्रू ड्रायव्हरने होते. हेडस्टॉकवर (मानेचं खुंट्या असलेलं टोक), नटच्या (तारा ज्या खाचांतून मानेवर येतात ती पट्टी) लगेच वर घंटेच्या आकाराचं छोटं काळं कव्हर असतं. गिब्सनच्या कव्हरला दोन स्क्रू असतात. तीन दिसले तर पुढचं काही बघायची गरजच नाही. दोन असतील तर दुकानदाराला विचारून कव्हर काढा. आत ट्रस रॉडच्या (मानेच्या आतली, तिचा बाक जुळवणारी सळई) टोकाला पितळी षटकोनी नट (बोल्टवर असतो तसा) दिसायला हवा. तो ५/१६ इंचाच्या पाना-सॉकेटने बाहेरून धरून फिरवतात. नट नसून अॅलन कीसाठी सहा कोनी खड्डा दिसला, तर ती गिटार गिब्सनच्या नॅशव्हिलच्या कारखान्यातली नाही. लोगो, रंग, शिंपल्याचं काम यांची हुबेहूब नक्कल होते. पण हा नट बदलायचा तर मानेची अख्खी बांधणीच बदलावी लागते, म्हणून नकलेत तो सहसा सापडत नाही.

मग गिटार उलटी करून मान पाठीमागून उजेडात धरा. लेस पॉलची मान महोगनीच्या एकाच तुकड्यातून कोरतात, फक्त हेडस्टॉकच्या दोन्ही कडांना छोट्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. नकलेत लाकूड वाचवायला हेडस्टॉक वेगळा कापून तिरक्या सांध्याने जोडतात. ती आडवी रेघ तारांच्या नटच्या मागे किंवा पहिल्या-दुसऱ्या फ्रेटच्या (मानेवरची धातूची आडवी पट्टी) मागे दिसते. गडद रंगाखाली ती लपते, म्हणून मोबाइलचा टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. पिकअपच्या (तारांचं कंपन टिपणारा तारांखालचा भाग) चौकटीचे चार कोपऱ्यांतले स्क्रू काढू दिले, तर खड्ड्याची कड बघा. वर फिकट मेपलचा चांगला जाड थर आणि खाली तपकिरी महोगनी दिसायला हवी. कागदाएवढी पातळ पट्टी दिसली तर वरची ती ‘फ्लेम’ (लाकडातली लहरी नक्षी) नुसती चिकटवलेली आहे.

मागचं कव्हर काढून पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे भाग) बघायला लोक सांगतात. नकलेत बहुधा १६ मिलिमीटरचे छोटे पॉट असतात, गिब्सनमध्ये २४ चे. पण काही वर्षांच्या खऱ्या गिब्सनमध्ये सर्किट बोर्ड आहे, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका.

४५ हजार हा आकडा मुद्दाम निवडलेला वाटतो. खरी नवी लेस पॉल स्टँडर्ड लाखांच्या घरात जाते आणि नकलेची लायकी याच्या निम्म्याचीही नसते. २०२४ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस-लाँग बीच बंदरावर ३,००० हून जास्त नकली गिब्सन पकडल्या गेल्या, म्हणजे हा माल कंटेनर भरभरून निघतो. ‘बाहेरून आलेला एकच पीस’ हे ऐकलं की सावध व्हा.

प्रश्न : माझ्या एपिफोन गिटारवर ‘मेड इन चायना’ लिहिलंय. डुप्लिकेट आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. एपिफोन १९५७ पासून गिब्सनच्याच घरातली आहे आणि चीनमध्ये चिंगदाओला तिचा कारखाना आहे. ट्रस रॉडच्या नटची वरची खूण एपिफोनला लावू नका.

प्रश्न : मुलीसाठी यामाहा एफ-३१० घ्यायची आहे. बाजारात तिच्याही नकला आहेत म्हणे. काय बघावं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आहेत, आणि फसगत इथेच जास्त होते, कारण पहिली गिटार घेणाऱ्याला तुलना करायला दुसरी नसते. स्टीलची मोजपट्टी आणि मोबाइलमधला ट्यूनर घेऊन जा. एफ-३१० ची स्केल (नटपासून तारा जिथे खाली टेकतात त्या ब्रिजपर्यंतची लांबी) ६३४ मिलिमीटर आहे, म्हणजे नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत ३१७ भरायला हवेत. नटची रुंदी ४३. मग प्रत्येक तार नीट सुरात लावून बाराव्या फ्रेटवर आधी हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून) वाजवा, नंतर दाबून वाजवा. ट्यूनरवर चार-पाच सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक चालेल. पंधरा-वीस सेंट पुढे गेली तर ब्रिज चुकीच्या जागी बसलाय किंवा तारा फार उंच आहेत. अशा गिटारीवर कॉर्ड कधीच सुरेल लागत नाही आणि शिकणारी मुलगी स्वतःच्या कानाला दोष देत बसते. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच ते तीन मिलिमीटर ठीक.

साउंडहोलच्या (मधल्या गोल भोकाच्या) कडेला थर दिसले म्हणून घाबरू नका. खऱ्या एफ-३१० चं टॉपही प्लायचंच असतं. खोक्यावर आयातदाराचं किंवा उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि देश छापलेला हवा. तोच देश आतल्या लेबलवर हवा.

प्रश्न : नकली गिटार आधीच घेऊन बसलोय. पक्कं बिल आहे, त्यावर कंपनीचं नाव आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बिल आहे म्हणजे तुमची बाजू भक्कम आहे. गिटार परत देऊ नका, तोच पुरावा. कव्हरखालचे, सांध्याचे, नंबरचे फोटो काढा, कंपनीच्या अधिकृत वितरकाला ईमेल करून लेखी उत्तर मागवा. मग दुकानदाराला लेखी नोटीस द्या. दाद मिळाली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हा १९९९ च्या कायद्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख. बिलावर नुसतं ‘गिटार १ नग’ असतं, तर हे सगळं अवघड झालं असतं. म्हणून घेतानाच ब्रँड, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्यावा.

प्रश्न : नकली लेस पॉलमध्ये चांगले पिकअप टाकले तर सुधारेल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : पिकअपच्या आधी अर्थिंग बघा. मल्टिमीटरची एक सुई तारेला, दुसरी जॅकच्या बाहेरच्या भागाला लावा. रीडिंग शून्याजवळ यायला हवं. आलं नाही तर ब्रिजची अर्थ वायर तुटलीय किंवा घातलेलीच नाही, आणि घुरघुर तिथूनच येतेय. एक वायर डाकली की काम झालं. पॉट बदलताना मात्र भोकं मोठी करावी लागतात. छोट्या पॉटचं भोक सुमारे ७ मिलिमीटर असतं, मोठ्याला साडेनऊ लागतं. ड्रिलने कड फुटते, हाताचा रीमर वापरा. महागडे पिकअप टाकायचेच असतील तर जुने जपून ठेवा. गिटार विकताना नवे काढून घेता येतील आणि गिटार ‘नकली’ असं लिहून देऊनच विका.