डोकं दुखतंय म्हणाली की आधी बीपी

आशा म्हणून नव्यानं लागली आहेस, म्हणून सांगते. मे महिन्यात नागपुरात सगळ्यांचीच डोकी दुखतात. गरोदर बाईचंही ‘ऊन लागलं असेल’ म्हणत पन्ह्यावर भागवतात. तू भागवू नकोस. पाचव्या महिन्यानंतर डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, बरगडीखाली दुखतंय, चेहरा सुजलाय, यातलं एकही असलं तर बीपी मोजून घे. १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. १६०/११० असेल तर थेट दवाखाना, मग सासूबाई काहीही म्हणोत. झटका (आकडी) आलाच तर डाव्या कुशीवर वळव. तोंडात चमचा, पाणी काही घालू देऊ नकोस. बाळंतपणानंतरही झटका येऊ शकतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेव.

शेवटच्या महिन्यांत दुखत नसताना रक्त गेलं तरी थांबायचं नाही. बाळंतपणानंतर पॅडमागून पॅड भिजत असतील तर १०८ लाव. गाडी येईपर्यंत बेंबीखाली पोट चोळून गर्भाशय घट्ट कर, तिला लघवी करायला लाव, बाळ छातीशी दे. अशा रक्तस्रावात दोन तासांतही जीव जातो.

पाणी फुटलं, बाळाची हालचाल कमी झाली, ताप आला, तरी तेच: दवाखाना.

साधी ने-आण असेल तर १०२, जिवावर बेतलं तर १०८. डागाला (सरकारी स्त्री रुग्णालय) न्यायचं की मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना), हे आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून तिच्या गरोदरपणाच्या कार्डावर लिहून घे. रक्तगटही तिथेच.