हतनूरच्या पाण्यात कयाक लोटण्याआधी

पावसाळा उतरला की तापीवरच्या हतनूर धरणात आणि आसपासच्या नद्यांत नाव घालण्याबद्दल तेच प्रश्न पुन्हा येतात. काहींची उत्तरे एका ओळीची आहेत, एकाचे मात्र नाही.

कयाक आणि कनूमध्ये फरक काय? (भुसावळ)

कयाकमध्ये पाय लांब करून खाली बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. कनूत बसायची जागा उंच, वल्ह्याला एकच पाते.

मे महिन्यात गिरणा नदीतून पाचोऱ्यापासून खाली जाता येईल का? (पाचोरा)

नाही. आवर्तन (धरणातून ठरावीक वेळी सोडले जाणारे पाणी) सुटले नसेल तर पात्रात वाळू आणि डोह एवढेच उरते, आणि उपशाने झालेले खड्डे वरून दिसत नाहीत. शिवाय ४४-४५ अंशांच्या उन्हात उघड्या नावेत बसणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विचारा.

मला चांगले पोहता येते. तरी लाइफ जॅकेट लागतेच का? ऑनलाइन चारशेत मिळतेय. (जळगाव)

लागतेच. नाव उलटताना डोक्याला मार बसला की पोहणे विसरा. चारशेच्या जाहिरातीत ‘लाइफ जॅकेट’ लिहून बहुतेकदा पोहायला शिकणाऱ्यांचा फोमचा बंडीवजा तुकडा विकतात. अंगात घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्याशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकले तर परत करा. किती वजनाच्या माणसासाठी आहे हे आत छापलेले नसेल, तर घेऊच नका.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे आठ दिवस थेंब नाही. हतनूरच्या खाली तापीत उतरलो तर? गावात म्हणतात, आभाळ कोरडे तर नदी शांत. (यावल)

हे गावातले म्हणणे कृपा करून सोडून द्या. तापी मुलताईहून निघून बऱ्हाणपूरमार्गे येते. पूर्णा अकोला-बुलढाण्याचे पाणी घेऊन चांगदेवजवळ तिला मिळते. तिकडे रात्री पाऊस झाला की हतनूरला पाणी चढते, मग ४१ पैकी काही दरवाजे उघडतात. तुमच्या डोक्यावर ऊन असते आणि पात्र भरत असते. मधल्या खडकावर डबा खायला बसलेल्या माणसाला परत यायला वाट उरत नाही.

धरणाच्या वरची बाजूही सुरक्षित समजू नका. दरवाजे उघडे असताना संथ दिसणारे पाणी तिकडेच ओढत असते. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या तापीवरच्या बॅरेजच्या, म्हणजे दरवाजांच्या बंधाऱ्यांच्या खाली तर आणखी वाईट. भिंतीवरून पडलेले पाणी खालून जाते आणि वरचे उलटे भिंतीकडे फिरते. त्या फेसात नाव सापडली की जॅकेट असूनही माणूस तिथेच घुसळत राहतो. बॅरेज दिसायच्या बऱ्याच आधी काठाला लागा, नाव उचलून चाला.

जून ते ऑक्टोबर मी कोणालाही तापीत उतरवत नाही. इतर महिन्यांतही निघायच्या दिवशी सकाळी पाटबंधारे विभागाच्या शाखा कार्यालयात विसर्ग विचारा. आदल्या दिवशीची व्हॉट्सॲपवरची आकडेवारी चालणार नाही. नंतर काठावरच्या भोईबांधवांना विचारा. जाळी कुठे लावलीत हे तेच सांगतील, आणि जाळ्यात वल्हे अडकून नाव उलटते.

मग पहिल्यांदा जायचे कुठे? (रावेर)

हिवाळ्यात हतनूरचा जलाशय, काठाकाठाने, सकाळी वारा उठण्याआधी. तिथे उतरलेल्या स्थलांतरित बदकांच्या थव्यात नाव घालू नका. ती उडाली की तुम्ही फार जवळ गेलात. परवानगी आधी विभागाकडून घ्या.

धडगावकडे नर्मदेच्या फुगवट्यात? (शहादा)

सरदार सरोवराचे ते पाणी खोल आहे, काठ उभे आहेत, मदत दूर आहे. तिथे रोज नाव चालवणारा स्थानिक सोबत असल्याशिवाय नाही.

मुलाला लहानपणी आकडी येत असे, आता वर्षभर नाही. नेऊ का? (अमळनेर)

आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा. त्यांचा होकार आला, तरी एकट्याच्या नावेत नाही.