गाजलेल्या गुन्ह्यांशी संबंधित वस्तू जमवायच्या आहेत. खऱ्या-खोट्याची पारख कशी करावी? आणि हा छंद विकृत आहे का?

मी स्वतः या विषयातला फक्त कागद जमवतो, त्यामुळे माझं उत्तर तिकडेच झुकणार.

या बाजारात भामटेगिरी पहिल्यापासून आहे. अमेरिकेतला दरोडेखोर जेसी जेम्स १८८२ साली मारला गेला. त्याला घराच्या आवारातच पुरलं होतं. त्याची आई थडग्यावरचे खडे २५ सेंटला एक असे विकायची आणि संपत आले की ओढ्यातून नवे आणून टाकायची. आता तो खडा खोटा म्हणायचा का? थडग्यावरचा तर होताच! १९३४ साली पोलिसांनी टिपलेली दरोडेखोर जोडी बॉनी आणि क्लाइड यांची गोळ्यांनी चाळण झालेली फोर्ड गाडी लोकांना दाखवत फिरवायचे, तेव्हा तिच्या नकलाही फिरत होत्या.

म्हणून फाशीच्या दोरीचा तुकडा, केसांची बट, भिंतीची वीट यांच्या वाटेला जाऊ नका. वस्तू तुमच्याशी खरंही बोलत नाही आणि खोटंही. ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली याचे कागद बोलतात. २०१२ मध्ये बॉनीचं पिस्तूल लिलावात २,६४,००० डॉलरला गेलं. तिला टिपणाऱ्या तुकडीचा प्रमुख फ्रँक हेमर याच्याकडे ते राहिलं होतं आणि सोबत त्याच्या मुलाचं पत्र होतं. विक्रेत्याने स्वतःच छापलेलं 'प्रमाणपत्र' मात्र रद्दीच्या भावाचं.

मी सुचवेन जुने वृत्तपत्रीय फोटो. आधी उलटून मागची बाजू बघा: तारखेचा शिक्का, टंकलिखित ओळींची चिकटवलेली पिवळट पट्टी. पुढच्या बाजूला चेहरा उठून दिसावा म्हणून ब्रशने मारलेला रंग आणि कापायच्या रेघा. एवढं सगळं खोटं करायला फार कष्ट पडतात. इंग्लंडमध्ये एकेकाळी फाशीच्या वेळी विकली जाणारी पत्रकंही मजेशीर आहेत. कैद्याचं 'अखेरचं भाषण' बहुतेकदा आधीच छापून तयार, आणि चित्राचा लाकडी ठसा तोच, गुन्हेगार नवा!

विकृतीचं म्हणाल, तर माझी रेघ साधी आहे. बळी गेलेल्यांचे जवळचे लोक हयात असतील तर मी हात लावत नाही. ई-बे या ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळाने २००१ मध्ये खुन्यांच्या वस्तूंची विक्री बंद केली, ती अशा लोकांच्या बाजूने आवाज उठल्यावरच. १९९६ मध्ये अमेरिकेतला मालिका खुनी जेफ्री डामर याच्या वस्तूंचा लिलाव होऊ नये म्हणून त्याच्या मिलवॉकी शहराच्या लोकांनी चार लाख डॉलरहून जास्त जमवले आणि वस्तू नष्ट करवल्या. संग्राहक म्हणून मला याचं जराही वाईट वाटत नाही. उलट २०११ मध्ये टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या 'युनाबॉम्बर'च्या वस्तू अमेरिकी सरकारनेच लिलावात काढल्या, पण पैसा त्याच्या बळींना देण्यासाठी. तिथे बोली लावणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

कागद घेतलात तर आम्लमुक्त पाकिटात, उजेडापासून दूर ठेवा. जुनं वृत्तपत्र भिंतीवर फ्रेम करून लावू नका, लवकरच पिवळं पडून तुकडे होतात.