देसरच्या जमिनीत आर्गन लावावं का?

ताई, तुमची देसरकडची चार बिघे जमीन गोराडू, म्हणजे रेताड पोयट्याची, मही नदीच्या कोतरांना (घळींना) लागून. बोअर नाही आणि वडोदऱ्याहून तुमचं जाणं आठवड्यातून एकदाच. तिथे बियांच्या तेलासाठी आर्गन किंवा जोजोबा लावला तर जमेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: नका लावू, आणि त्याची कारणं जरा सविस्तर सांगतो.

आर्गन हे मोरोक्कोच्या नैर्ऋत्य भागातलं झाड. तिथे पाऊस थोडा, तोही हिवाळ्यात, शिवाय समुद्रावरून येणारं धुकं. आपल्याकडे ८००-९०० मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने जवळपास थेंब नाही. दोन्ही मुलूख आपण कोरडेच म्हणतो, पण झाडाच्या दृष्टीने पाऊस किती पडला याइतकंच तो कधी पडला हेही महत्त्वाचं असतं. जोजोबा तर अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटातला. मी सावलीजवळ त्याची ४० रोपं लावली होती. दुसऱ्या पावसाळ्यात मुळाशी पाणी साचून २२ मेली. उरलेल्यांना चौथ्या वर्षी फुलं आली तेव्हा कळलं, बहुतेक नर! जोजोबात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बियांपासूनच्या रोपात फूल येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. रोपं विकणाऱ्याने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ती चार वर्षं गेल्याचं मला अजून वाईट वाटतं, तुमची जाऊ नयेत.

बाहेरचं झाड इथे रुजतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. भायलीजवळ गणपतपुऱ्याची गोरखचिंच (बाओबाब) पाहिली नसेल तर एकदा मुद्दाम जाऊन या. झाड मूळचं आफ्रिकेचं, पण शेकडो वर्षं आपल्या मातीत उभं आहे. त्या जातीच्या फळाचा आंबट गर २००८ पासून युरोपातही खाद्य म्हणून विकता येतो. पण बी लावून वाढवलेल्या गोरखचिंचेला फळ धरायला पंधरा-वीस वर्षंही लागतात. झाड जगलं म्हणजे पीक आलं असं नाही. मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) वेळी सगळीकडे हीच गल्लत झाली. २००३ नंतर पडीक जमिनीवर पाण्याशिवाय डिझेल पिकेल म्हणून लोकांनी तो लावला. झाडं जगली, गुरांनीही त्यांना तोंड लावलं नाही, पण पाणी-खताशिवाय बी इतकं कमी धरलं की वेचायची मजुरीही सुटेना.

आणि एक सांगतो. आर्गन, मोह, रायण (खिरणी), चिकू ही सगळी एकाच कुळातली. तेलासाठीच आर्गन हवं असेल, तर पंचमहालात मोहाच्या बियांचं, डोळीचं, तेल पूर्वापार काढतात. त्या तेलाला आपण कधी नवं पीक म्हणून पाहिलंच नाही.

तुमच्या जागी मी बेल लावेन. मुख्य कारण तुमची आठवड्याची एक फेरी. जांभूळ पिकलं की दोन दिवसांत उतरवून विकावं लागतं, ते तुम्हाला झेपणार नाही. बेलाचं कवच टणक, फळ झाडावरही थांबतं आणि घरीही. शिवाय ऐन उन्हाळ्यात बेल पानं गाळून स्वतःचं पाणी वाचवतो. गोध्र्याजवळ वेजलपूरला फळझाडांचं सरकारी प्रयोग केंद्र आहे. तिथे काढलेली 'गोमा यशी' ही जात बुटकी, जवळजवळ बिनकाट्याची, पाच-पाच मीटरवर लावता येते. बांधाला चिंच लावायची तर तिथलीच 'गोमा प्रतीक' आहे, शेंगा झाडावर टिकतात.

मात्र तयार कलमं विकत आणू नका. पिशवीत वाढलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गुंडाळलं जातं आणि मग ते कोरड्या जमिनीत खोल जात नाही. खड्डे मे महिन्यात खणा, पहिल्या पावसानंतर प्रत्येकात गावठी बेलाच्या तीन-तीन बिया टाका, जोमदार रोप एकच ठेवा. पुढच्या जूनमध्ये खोड पेन्सिलीएवढं झालं की तिथेच, जागेवर, 'गोमा यशी'चा डोळा भरा, म्हणजे तिच्या फांदीवरचा कोंब सालीसकट काढून या रोपाच्या खोडावर बसवा. मूळ हलत नाही, म्हणून झाड पाणी शोधत खाली जातं. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात प्रत्येक रोपाशेजारी एक कच्चं भाजलेलं मडकं पुरा आणि फेरीला गेलात की भरा, ते आठवडाभर झिरपत राहतं. उताराच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकार मातीचा बांध घाला. कोतराच्या कडेपासून मात्र बरंच आत लावा, कड दर पावसाळ्यात ढासळते. वासदचं मृदसंधारण केंद्र महीच्या कोतरांवरच काम करतं, उताराबद्दल तिथे विचारा.

कुंपणाचा खर्च टाळू नका. बिनकाट्याचा बेल म्हणजे रोझांना (नीलगायींना) आयतं जेवण. माझी पहिल्या वर्षीची ११ रोपं त्यांनी एका रात्रीत शेंड्यापासून खाल्ली होती.

आधी २० झाडं करा, सगळे चार बिघे नकोत. माझ्याकडे 'गोमा यशी'ची सात झाडं आहेत. पुढच्या जूनमध्ये डोळकाड्या (डोळे असलेल्या काड्या) कापून देईन, तुम्ही ओलं गोणपाट घेऊन सकाळी लवकर या, कारण त्या त्याच दिवशी भरायला हव्यात.