अठरा पूर्ण होण्याआधीच पालकत्वाच्या अर्जाची तयारी करा

ताई, मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं), दोन महिन्यांत तिला १८ पूर्ण होतील, तिच्यासाठी तुम्ही नोकरी सोडलीत, आणि सांभाळणाऱ्याला सरकारकडून काय मिळतं, असं तुम्ही विचारलंत. माझा मुलगा २६ वर्षांचा, हेच निदान. भत्त्याआधी एक काम सांगते, कारण मी तिथेच चुकले.

कायदेशीर पालकत्व. १८ नंतर कायद्याने आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. आजोबांनी नातवाच्या नावाने ठेवलेली एफडी मोडायला गेले, तर बँक म्हणाली, आता सही त्याचीच हवी. त्याच्या बोटांत पेन राहत नाही. त्या एका कागदापायी अकरा महिने गेले, आणि त्याच वर्षी त्याचं ऑपरेशन होतं. हे पालकत्व राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायदा, १९९९ खाली मिळतं, त्यात सेरेब्रल पाल्सी येते. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. तुम्ही मुलुंडच्या, म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा. वांद्रे पूर्वेच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. कागद आत्ताच जमवा.

त्याच न्यासाची ‘निरामय’ विमा योजनाही घ्या. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. फिजिओथेरपी आयुष्यभराची असते, म्हणून हे मला फार मोलाचं वाटतं.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, असेलच. लहानपणचं प्रमाणपत्र बरेचदा ठरावीक मुदतीचं असतं, तारीख बघा. दिव्यांगत्वाची टक्केवारीही बघा: ४० टक्क्यांपासून तुमच्या यजमानांना आयकरात ८०डीडी कलमाखाली ७५ हजारांची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. खर्च किती झाला हे विचारत नाहीत, पण जुनी करप्रणाली निवडावी लागते.

संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाची अट फार खाली आहे. पगारदार घर त्यात बसत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. मला तो आजवर मिळालेला नाही. रात्री तीनदा उठून कूस बदलून देणारी बाई ‘काही करत नाही’ असं कोणत्याही फॉर्मवर लिहिलं जाऊ नये, म्हणून मी दरवर्षी लेखी मागणी करते. तुम्हीही करा, पोच घ्या.

प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि मुदत तेवढी कळवा, त्यावरून पुढचं सांगते.